नळीमागच्या रेघा

सकाळचे साडेआठ. बेल्लमपल्लीच्या दवाखान्यात रक्त तपासणीच्या खिडकीशी रांग लागली आहे. रात्रपाळी करून आलेला कोळसा खाणीतला कामगार साखरेसाठी उपाशीपोटी दंड पुढे करतो. त्याला करड्या बुचाची नळी, हिमोग्लोबिनला जांभळ्या बुचाची. नाव मी रुग्ण समोर बसलेला असतानाच, त्याला विचारून लिहिते. रांगेत तेलुगू, गोंडी, हिंदी चालली आहे. काझीपेठ-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे गाव, २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातले, आता मंचेरियालमधले; इथे मराठीही कानावर पडते.

“ताई, पोरीचे हातपाय लय ठणकतेत,” केरामेरीकडून आलेली आई सांगते. मुलगी बाराएक वर्षांची, डोळे पिवळसर. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिले आहे: सिकलसेल.

आधी हिमोग्लोबिन पाहते. ते ७ च्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यावे लागते, नाहीतर दोष असूनही नळी स्वच्छ दिसू शकते. आकडा ८.१ येतो. ताज्या द्रावणाच्या २ मिलीमध्ये २० मायक्रोलिटर रक्त सोडते. द्रावणातले रसायन रक्तातला ऑक्सिजन ओढून घेते. सिकलचे हिमोग्लोबिन मग विरघळत नाही, गढूळ होते. शेजारी आणखी दोन नळ्या: एक निरोगी रक्ताची, एक सिकल असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या रक्ताची. त्यांच्याशी ताडल्याशिवाय मी निकाल लिहीत नाही. पाच मिनिटे म्हणजे पाच मिनिटे. घाई असणाऱ्याने या खोलीत काम करू नये.

नळ्यांमागे काळ्या रेघांचा कागद धरते. निरोगी नळीतून रेघा स्पष्ट दिसतात. पोरीच्या नळीतून एकही दिसत नाही.

आई माझ्या तोंडाकडे बघते. मी एवढेच म्हणते, “बाई, अजून एक तपासणी लागते. डॉक्टरसाहेब सगळं समजावून सांगतील.” हे टाळणे नव्हे. गढूळ नळी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. तो एचपीएलसी यंत्रावर कळतो. अर्धवट निकालाने आईला घाबरवणे मला मान्य नाही. नमुना नोंदवून पुढे पाठवते. धाकट्या भावालाही घेऊन यायला सांगते.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलचे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेलंगणा-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या आयाबापांनो, सोयरीक ठरवण्याआधी मुलामुलीची ही तपासणी करून घ्या.