दुर्गा खोटे : पडद्यावरून पुस्तकाकडे

'मुघल-ए-आझम' (१९६०) हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यातला पृथ्वीराज कपूर यांचा अकबर बादशहा आणि दिलीपकुमार यांचा सलीम कोणालाही आठवतो. पण या बापलेकांच्या भांडणात मध्ये सापडलेली जोधाबाई आठवते का? शुद्ध उर्दूत बोलणारी ती राणी म्हणजे दुर्गा खोटे. त्यांची मातृभाषा तुम्ही आज शिकत आहात ती मराठी.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत, लाड या सुशिक्षित घराण्यात झाला. त्या महाविद्यालयापर्यंत शिकल्या. लग्न श्रीमंत घरात झाले, पण पुढे ती श्रीमंती गेली. पदरात दोन मुले होती. पैसे तर मिळवायला हवेत! १९३१ मध्ये 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. लोकांनी खूप नावे ठेवली. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीने चित्रपटात जाणे कोणाला पसंत नव्हते. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटात तारामती राणीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते, यावरून तुम्हाला कल्पना येईल.

तीच तारामती १९३२ मध्ये दुर्गाबाईंनी केली. व्ही. शांताराम यांचा 'अयोध्येचा राजा' हा प्रभात कंपनीचा बोलपट कोल्हापुरात तयार झाला. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. आजच्यासारखी आवाज मागाहून जोडण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून तोच प्रसंग एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत करायचा. गाणीसुद्धा कॅमेऱ्यासमोर स्वतःच म्हणायची. दुसरी भाषा बोलताना जीभ कशी अडखळते, हे तुम्हाला सांगायला नकोच. आणि इथे तर डोळ्यांत पाणीही आणायचे!

पुढच्या वर्षी प्रभात कंपनी पुण्यास आली. पिंपरी-चिंचवडहून लोकलने शिवाजीनगरला उतरलात, की तिथून विधी महाविद्यालय रस्ता फार लांब नाही. १९६० मध्ये त्या जागेवर सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. प्रभातचा जुना स्टुडिओ आजही तिच्या आवारात उभा आहे. पुण्यातल्या याच प्रभात कंपनीच्या 'अमर ज्योती'मध्ये (१९३६) दुर्गाबाईंनी सौदामिनीचे काम केले. स्वतःचे मूल हिरावले गेल्यामुळे राज्याविरुद्ध उठणारी ही बाई समुद्रावर जहाजे लुटते. मला विचाराल तर जोधाबाईपेक्षा ही भूमिका आधी पाहा.

चित्रपटातली वाक्ये लेखक लिहितो आणि नट ती म्हणतो. दुर्गाबाईंनी पन्नासएक वर्षे हेच केले. मग वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, १९८२ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आत्मचरित्र म्हणजे तुमच्या उर्दूत 'आपबीती'. हिंदी चित्रपटांनी त्यांना देशभर नाव दिले होते. पण स्वतःची हकिकत लिहिताना त्यांनी मराठीच निवडली. पैशांची ओढाताण, पहिल्या चित्रपटानंतरची बदनामी, तरुण मुलाचा मृत्यू, असे आयुष्य त्यांना आता स्वतःच्या शब्दांत मांडायचे होते.

त्या काळातल्या आणखी काही अभिनेत्रींची आत्मचरित्रे मराठीत आहेत. लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत' १९८१ मध्ये आले. हंसा वाडकर यांनी आपली कहाणी सांगितली आणि अरुण साधू यांनी तिला शब्दरूप दिले. म्हणून १९७० च्या त्या पुस्तकाला 'सांगत्ये ऐका' हे नाव फार शोभते. हंसाबाईंच्या एका गाजलेल्या चित्रपटाचेही नाव तेच होते. या पुस्तकाच्या आधारे श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) हा हिंदी चित्रपट काढला.

दुर्गाबाईंना १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकाचा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये निघाला. मूळ मराठी पुस्तकाचे नाव अगदी साधे आहे : 'मी, दुर्गा खोटे'.