खोडलेली ओळ दिसलीच पाहिजे

ऑडिट ट्रेलचा, म्हणजे हिशेबातील प्रत्येक बदलाच्या नोंदीचा, आढावा घेणारे बहुतेक जण 2013च्या कंपनी कायद्यापासून सुरुवात करतात. मावळात ती लोहगडापासून करायला हवी. हा गड नाना फडणिसांच्या ताब्यात होता, त्यांचा खजिना तिथे असे. नाना मुत्सद्दी म्हणून लक्षात राहिले. पण फडणिशी हे मुळात हिशेबाचे पद.

पेशवाईत मामलेदाराच्या जोडीला मुजुमदार, फडणीस असे दरखदार असत आणि त्यांना काढण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. हिशेबाचा कागद आधी मुजुमदाराने पाहायचा, मग तो फडणिसाकडे जायचा. फडणिसाने कागद हाती येताच त्यावर तारीख घालायची, रोजकीर्द लिहायची, पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधायच्या आणि वह्या पुण्याला हुजूर दफ्तरात पोचवायच्या. तिथे फड, बेहेडा, सरंजाम, एकबेरीज असे विभाग पुढचे काम पाहत. पत्राचा मजकूर संपला की ‘मोर्तब सुद’चा शिक्का; त्याखाली मागाहून ओळ घुसडायला वाव नाही. कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणाच्या नजरेखालून गेले, हे सारे कागदच सांगे.

रियासतकार गो. स. सरदेसाई निवृत्तीनंतर कामशेतला राहिले. त्यांच्या संपादनाखाली निघालेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड चाळले की या शिस्तीचे मोल कळते. दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने दिले आणि दफ्तराची निगा सुटली. हिशेब विचारणाराच नको झाला, की असेच होते.

ब्रिटिश अमदानी आणि 1956चा कंपनी कायदा इथे ओलांडून जाऊ. 24 मार्च 2021च्या अधिसूचनेने कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद सक्तीची केली. ही सोय बंद करता येता कामा नये, असेही बजावले. दोनदा मुदतवाढ मिळून नियम 1 एप्रिल 2023पासून लागू झाला. लेखापरीक्षेच्या नियमांपैकी नियम 11(छ) प्रमाणे ही सोय वर्षभर चालू होती का, तिच्यात ढवळाढवळ झाली का, हे लेखापरीक्षकाने अहवालात सांगायचे. वह्या आठ वर्षे जपायच्या.

छोट्या कंपन्यांवर हा नाहक बोजा, असे म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत. त्यांनी पीएमसी बँक आठवावी. 2019मध्ये तपासात बाहेर आले, की एचडीआयएल या बांधकाम समूहाची थकलेली कर्जे 21 हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवली होती. संगणक होता, तपासणी होत होती. भरडले गेले ते ठेवीदार.

आज तळेगावच्या एमआयडीसीतल्या कंपनीला हा नियम लागू आहे. लोणावळ्यातल्या एकट्याच्या मालकीच्या चिक्कीच्या दुकानाला नाही, हे एक वेळ ठीक. पण लोकांच्या ठेवी सांभाळणारी सहकारी पतसंस्थाही त्याबाहेरच आहे, हे पटण्यासारखे नाही. जिथे नियम आहे तिथेही अनेक ठिकाणी सारे कर्मचारी एकाच ‘अ‍ॅडमिन’ नावाने आत शिरतात. मग नोंदीत तारीख सापडते, माणूस सापडत नाही. लेखापरीक्षक सोय चालू असल्याची खूण करतो आणि पुढे जातो.

पतसंस्थांना हा नियम लावावा, प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा पासवर्ड असावा, आणि 31 मार्चनंतर मागील तारखेने बदललेल्या नोंदींची यादी, बदलणाऱ्याच्या नावासह, वार्षिक सभेपुढे ठेवावी. यासाठी सहकार खात्याने पुढचे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी आदेश काढावा.