पेशंट आयसीयूत, हाल बाहेरच्यांचे. घरच्यांनी स्वतःला कसं सांभाळावं?

घरातलं माणूस आयसीयूत गेलं की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. बाहेर बसलेल्यांकडे कोण बघतं? फरशीवर चादर टाकून रात्र काढायची, चहा-बिस्किटावर दिवस ढकलायचा, पैशाची जुळवाजुळव करायची. गावाकडं गुरं, पोरं कोण बघतंय, हा घोर वेगळाच.

हा ताण पेशंट घरी आल्यावरही लगेच जात नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सारखी भीती वाटते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या आयसीयू तज्ज्ञांनी घरच्यांच्या या त्रासाला वेगळं नावच दिलं. म्हणजे हा मनाचा कमकुवतपणा नाही, दुखणं आहे.

पाळी लावा : एकाच माणसानं आठ-आठ दिवस बसू नये. दोघा-तिघांत दिवस-रात्र वाटून घ्या. बाहेर बसणाऱ्यानं वेळेवर जेवावं, स्वतःची बीपी-शुगरची गोळी चुकवू नये.

बोलणारा एकच ठेवा : डॉक्टरांशी एकानंच बोलावं आणि वहीत लिहून घ्यावं. आज काय बदललं, पुढं काय करणार, धोका किती, हे विचारायला लाजू नका. तोच निरोप गावाकडं एकदाच पाठवा, म्हणजे दिवसभर फोन वाजत नाही.

पेशंट बरळला तर घाबरू नका : आयसीयूत काही पेशंट माणसं ओळखत नाहीत, नाही ते दिसतं म्हणतात. आजार, औषधं, मोडलेली झोप यामुळं असं होतं. बाहेरचं लागलं म्हणून अंगारा-धुपारा करत बसू नका, नर्सला लगेच सांगा. भेटीच्या वेळी पेशंटचा हात धरून नाव, वार, गाव सांगा. चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते द्यायचं का, विचारा.

पैशाचं आधी विचारा : दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथं आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा. कर्ज काढायची वेळ त्यानंतरची.

मन जड झालं तर : सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

पाहुणे-शेजाऱ्यांनी नुसतं 'कसं आहे' विचारण्यापेक्षा एक डबा पोचवावा, एक रात्र बसावं, गुरांची धार काढावी. त्या घराला खरा आधार त्याचाच होतो.