कमांड एक, संगणक दोन : चूक नेमकी कुठे होते?



बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत लॅबच्या संगणकावर लिनक्स आहे, माझ्या लॅपटॉपवर विंडोज. मी एसएसएच वापरून लॅपटॉपवरूनच लॅबच्या संगणकाला कमांड देतो. एकदा 'लोणार जुने' नावाचं फोल्डर काढायचं होतं. नाव दुहेरी अवतरणात घालून 'आरएम' दिली. उत्तर आलं, 'जुने' सापडत नाही! आणि शेजारचं 'लोणार' फोल्डर, म्हणजे मुलांच्या सहलीचे सगळे फोटो, गायब. एका सरांच्या मोबाईलमध्ये फोटो होते म्हणून निभावलं.

असं का झालं? कारण कमांड दोनदा वाचली जाते. आधी विंडोजकडे ती अवतरणचिन्हं गळून पडतात. उरलेला मजकूर लिनक्सचा शेल पुन्हा वाचतो. त्याला मधे मोकळी जागा दिसली, म्हणून तो दोन फोल्डर समजला.

उपाय सोपा आहे. पूर्ण कमांड दुहेरी अवतरणात आणि आतलं नाव एकेरी अवतरणात लिहा. फोल्डरच्या नावात मोकळी जागाच सोडली नाही तर आणखी बरं.

कमांड मधेच बंद पडली तर हे तपासा :

1) एक्झिट कोड : कमांड संपताना एक अंक मागे ठेवते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तो 'एररलेव्हल' मध्ये दिसतो. 255 आला तर बहुधा जोडणीच झाली नाही. नेटवर्क, पासवर्ड बघा. 127 म्हणजे पलीकडे ती कमांडच सापडली नाही. विंडोजची 'डेल' लिनक्सला कळत नाही. 126 म्हणजे फाइल सापडली, पण चालवता आली नाही, परवानगी तपासा.

2) ओळीचा शेवट : विंडोजमध्ये ओळ संपताना 13 आणि 10 क्रमांकाची दोन अदृश्य चिन्हं पडतात, लिनक्समध्ये फक्त 10. नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ते 13 शेवटच्या शब्दाला चिकटतं आणि समोर असलेली फाइलही 'सापडत नाही'. अशी स्क्रिप्ट 'डॉसटूयुनिक्स' ने दुरुस्त करा.

3) पत्ता : विंडोजची तिरपी रेघ \ अशी, लिनक्सची / अशी. शिवाय लिनक्सला इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं.

आणि एक सवय लावून घ्या. काढून टाकण्याआधी त्याच नावाने, तशाच अवतरणांत 'एलएस' देऊन बघा. जे दिसेल तेच जाणार आहे. मुलांनी वर्षभर केलेलं काम एका मोकळ्या जागेपायी जायला नको.