गिअरचा दांडा का डुगडुगतो?

मोटारीत चालकाशेजारी बसलात तर तुम्ही पाहिले असेल, की त्याचा डावा हात अधूनमधून एका दांड्याकडे जातो, तो पुढे, मागे किंवा बाजूला सरकवतो आणि इंजिनाचा आवाज पालटतो. हा गिअरचा दांडा. आमच्या जुन्या, लहान मोटारीचा दांडा इतका सैल झाला होता, की गिअरमध्ये असतानाही त्याची मूठ दोन बोटांनी जवळजवळ दोन सेंटिमीटर हलत असे. जुनी गाडी, चालायचेच, असे म्हणून मी दुर्लक्ष केले. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ते करायला नको होते.

एके संध्याकाळी घरासमोरच्या उतारावर पहिला गिअर टाकून आणि हँडब्रेक ओढून मी मोटार उभी केली. सकाळी ती वीसेक पावले खाली, शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीला टेकलेली सापडली. हा रस्ता शाळेत जाणाऱ्या मुलांचा. ती रात्री घसरली म्हणून निभावले. हँडब्रेकची तार ढिली झाली होती, हे खरे. पण गिअर तर मी स्वतःच्या हाताने टाकला होता!

गिअरमध्ये उभी असलेली मोटार उतारावर का थांबते? चाके इंजिनाशी जोडलेली असतात. चाकांना फिरायचे तर बंद इंजिनही फिरवावे लागते, म्हणजे सिलिंडरांतील हवा दाबावी लागते आणि आतील घर्षणावर मात करावी लागते. पहिल्या गिअरमध्ये चाकांच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला अनेक फेरे घ्यावे लागतात, म्हणून हा विरोध पुष्कळ मोठा असतो. आमच्या मोटारीला तो झालाच नाही. शेजारचे अण्णा निवृत्त मोटार-मेकॅनिक. भिंत त्यांचीच. ते शांतपणे म्हणाले, "सर, गाडी गिअरमध्ये नव्हतीच. नुसती मूठ गिअरमध्ये होती."

या वाक्याचा अर्थ समजण्यासाठी दांड्याच्या खाली पाहिले पाहिजे. दांड्याच्या खालच्या टोकापासून थोडे वर एक गोळा असतो आणि तो प्लॅस्टिकच्या वाटीत बसतो. शरीरशास्त्रात तुम्ही खांद्याचा उखळीचा सांधा शिकला आहात, तसाच हा सांधा. दांडा पुढेमागे आणि आडवा असा दोन्हीकडे हलायला हवा, म्हणून साधी बिजागरी येथे चालत नाही. खालचे टोक एका लांब सळईला बोल्टने जोडलेले असते आणि ही सळई पुढे गिअरबॉक्सपर्यंत जाते. टेकू मध्ये, बल वर आणि भार खाली: ही पहिल्या प्रकारची तरफ झाली.

सोयीसाठी असे धरू, की गोळ्यापासून मुठीपर्यंतचे अंतर ३० सेंमी आणि गोळ्यापासून सळईपर्यंतचे ५ सेंमी आहे. म्हणजे गुणोत्तर सहास एक. हाताने २० न्यूटन बल लावले, तर सळईवर १२० न्यूटन पडते. मूठ ९ सेंमी सरकली, तर सळई दीडच सेंमी सरकते. दोन्हीकडचे कार्य १.८ ज्यूल, फुकट काहीच मिळाले नाही. आपण शाळेत तरफेचा हिशेब येथे थांबवतो. पण ही तरफ उलट्या दिशेनेही काम करते, आणि तेथेच खरी गंमत आहे. खालच्या सांध्यात झीज होऊन एक मिलिमीटरची ढिलाई आली, तर मुठीशी ती सहा मिलिमीटर होऊन दिसते. बल सहापट करणारी तरफ झीजही सहापट करून दाखवते. म्हणून डुगडुगणारी मूठ हे एक प्रकारचे मोजमापाचे साधनच आहे. मी ते वाचले नाही एवढेच.

आता गिअरबॉक्समध्ये काय होते ते पाहू. दांडा सरकवला की दंतचक्रे एकमेकांत घुसतात, अशी पुष्कळांची समजूत असते. फार जुन्या मोटारींत तसे होई. आताच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांची दंतचक्रे कायम एकमेकांत गुंतलेली असतात. मात्र प्रत्येक जोडीतील एक चक्र आपल्या दंडावर मोकळे फिरते. दंडाबरोबर फिरणारे एक दातेरी कडे सरकून या मोकळ्या चक्राला पकडते, तेव्हा गिअर 'पडला' असे आपण म्हणतो. पकडण्याआधी दोघांच्या फिरण्याचा वेग सारखा करून घेण्याची युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारींत प्रथम आली. त्यापूर्वी गिअर बदलताना खरखराट होऊ न देणे ही एक कलाच होती.

कड्याला सरकायचे अंतर थोडेच असते. आमच्या मुठीची ढिलाई मोजली, ती १८ मिमी भरली. सहाने भागा: सळईच्या १५ मिमी प्रवासातील ३ मिमी नुसते ढिलाईत जात होते. हाताला सवय नऊ सेंटिमीटरांची, म्हणून हात ठरल्या जागी थांबे. कडे मात्र चक्राला दातांच्या टोकांवरच धरून राही. उतारावर मोटारीचा भार आला आणि ही अर्धवट पकड सुटली.

दांडा, गोळा व वाटी असा पूर्ण जोड बाजारात मिळाला. बदलण्याचे काम अवघड नाही, पण ते मोटारीखाली शिरून करावे लागते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी जाणत्या माणसाबरोबर उभे राहून पाहावे, पाना देण्याचे काम करावे. एकट्याने हात घालू नये. जमीन सपाट हवी. दांडा काढताना मोटार न्यूट्रलमध्ये असते, म्हणजे गिअरचा आधार नसतो. म्हणून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि किल्ली काढून खिशात ठेवावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या मोटारीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो. तोलून धरायला पक्के लोखंडी स्टँड लागतात. सायलेन्सरची नळी सळईच्या जवळूनच जाते, ती पूर्ण निवू द्यावी.

आधी मूठ आटे उलटे फिरवून काढली, मग रबरी टोपण. खाली सळईचा बोल्ट सोडवला, वाटीचे बोल्ट सोडवले आणि दांडा वर हातात आला. नव्या वाटीत थोडे ग्रीस भरून त्याच क्रमाने उलटे काम केले. हल्लीच्या अनेक मोटारींत सळईऐवजी दोन केबल असतात. तेथे जोडणी वेगळी, तरफ तीच. अॅम्बॅसडर आणि पद्मिनी या मोटारींत बरीच वर्षे दांडा स्टिअरिंगपाशी असे. तेथून गिअरबॉक्सपर्यंत सांधे अधिक, म्हणून ढिलाईलाही अधिक जागा.

बंद इंजिनावर सगळे गिअर टाकून पाहिले. तिसरा पडेना. मी घाबरलो, अण्णा हसले. कड्याचे दात चक्राच्या दातांसमोर नेमके आले, की असे होते. मोटार हाताने बोटभर ढकलली आणि गिअर पडला. मग हँडब्रेकची तारही ताणून घेतली.

सळईच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकचा बुश होता, तोही बदलला. जुना मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन व्हर्नियरने मोजला. त्याचे छिद्र आडवे १०.१ मिमी, पण सळईच्या दिशेने ११.३ मिमी. हा १.२ मिमीचा फरक मुठीशी ७.२ मिमी होतो. जुन्या वाटीत गोळा सुमारे १ मिमी सरकत होता. येथे सहाने गुणू नका: खालचे टोक जागेवर राहून टेकूच सरकला, तर मूठ सातपट सरकते. आकृती काढून पडताळा. दोन्ही मिळून १४.२ मिमी. उरलेले सुमारे ४ मिमी सळईच्या पुढच्या सांध्याचे असणार, जो आम्ही बदललेला नाही. घरी येऊन मुठीची ढिलाई पुन्हा मोजली. ४ मिमी!