आजोबांची दुनळी : ओळख आणि मोल

गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावात जुन्या वाड्याच्या वाटण्या होतात, माळवद उतरवले जाते आणि एखाद्या पत्र्याच्या पेटीतून गोधडीत गुंडाळलेली दुनळी बंदूक बाहेर येते. आजोबांच्या पश्चात तिला कोणी हात लावलेला नसतो. मग घरातच तर्क सुरू होतात. ‘विलायती आहे, लाखोंची असणार’ असे एकाचे म्हणणे, तर ‘गंजके लोखंड, भंगारात घाला’ असे दुसऱ्याचे. दोन्ही मते बंदूक नीट पाहण्यापूर्वीच बनलेली असतात. वास्तविक तिचे मोल तीन गोष्टींवर ठरते : कागदपत्रे, नळ्यांच्या खालच्या बाजूस ठोकलेले शिक्के आणि नळ्यांची आजची अवस्था. हा क्रम चुकला, तर वाडवडिलांची ठेव वारसालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करू शकते.

आधी ठाणे, मग बाजार

बंदूक सापडताच ती भरलेली आहे असेच गृहीत धरावे. तोंडाकडून दारू भरण्याच्या ठासणीच्या बंदुकीत जुना बार वर्षानुवर्षे तसाच राहिलेला असू शकतो. चाप ओढून पाहणे, नळीत डोकावणे किंवा बंदूक चुलीजवळ ठेवणे कटाक्षाने टाळावे.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना व्यक्तीच्या नावे असतो. परवानाधारकाच्या निधनानंतर बंदुकीवर वारसांचा हक्क राहतो. परंतु ती घरात बाळगण्याचा अधिकार त्यांना आपोआप मिळत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. विनापरवाना बंदूक बाळगण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ ते कमाल ५ वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. जुनी काडतुसेही याच कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणून बंदूक खांद्यावर टाकून गावातून नेण्याऐवजी ठाण्याला आधी कळवावे आणि जमा करताना तिचा क्रमांक, बोअर व वर्णन असलेली पोचपावती घ्यावी.

जमा केलेली बंदूक कायमची गेली असे समजण्याचे कारण नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद आहे. त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि इतर वारसांची संमती तयार ठेवावी. परवानाधारकाचे वय ७० झाले असल्यास किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले असल्यास त्याच्या हयातीतही हे हस्तांतर होऊ शकते. मात्र २०१९ पासून वारसाहक्कासह एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची छाननी होऊन अनेक परवाने रद्द झाले. अशा वातावरणात वारसाने कागदपत्रांत हयगय करणे मुळीच परवडणारे नाही.

‘पुरातन वस्तूला परवाना लागत नाही’ हा समज अर्धवट आहे. कलम ४५ मधील सवलत कालबाह्य वा पुराणमूल्याच्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. बाजारात आजही मिळणारे काडतूस ज्या बारा बोअरच्या दुनळीत बसते, ती शंभर वर्षांची असली तरी या सवलतीत बसेलच असे नाही.

येथे मराठवाड्याचा इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. पेटीत बंदुकीसोबत उर्दू कागद असतील, तर ते न वाचता फेकू नयेत. एखादी जुनी पावती किंवा परवाना बंदुकीची वंशावळ जोडून देतो.

नाव वरचे, ओळख खालची

दोन नळ्यांमधील पट्टीवर कोरलेले नाव अनेकदा बनवणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असते. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा या पेढ्या, किंवा मुंबईत दुकान असलेली आर्मी अँड नेव्ही ही संस्था, बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेल्या बंदुकाही आपल्या नावाने विकत. बेल्जियममधील लिएज येथून तर नामांकित इंग्रज पेढ्यांशी साधर्म्य असलेली नावे घालून स्वस्त बंदुका जगभर गेल्या. ‘वेस्टली रिचर्ड्‌स’ ही बर्मिंगहॅमची प्रतिष्ठित पेढी, नुसते ‘डब्ल्यू. रिचर्ड्‌स’ असेल, तर बंदूक बेल्जियमची असण्याचा दाट संभव. दोहोंच्या किमतीत मोठे अंतर पडते.

खरी ओळख नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्यावर, त्यांच्या खालच्या सपाट भागावर दिसते. हे काम शस्त्रविक्रेत्याकडील जाणकार कारागिराकडूनच करवून घ्यावे. तेथे चाचणीगृहाचे शिक्के असतात. नेहमीपेक्षा अधिक दारूचा बार उडवून नळी टिकली, तरच हा शिक्का मिळे. मुकुट व एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड हे १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम चाचणीगृहाचे जुने चिन्ह. १९०४ पासून तेथे मुकुटाखाली ‘बी.पी.’ आणि ‘बी.व्ही.’ ही इंग्रजी अक्षरे आली. मुकुटाखाली गुंफलेली ‘जी.पी.’ ही अक्षरे लंडनची, तर लंबगोलातील ‘ई.एल.जी.’ ही लिएजची. ‘नॉट फॉर बॉल’ हा शिक्का १८७५ ते १८८७ या काळातील. त्यानंतर त्याची जागा ‘चोक’ या शब्दाने घेतली. अनुक्रमांक मिळाला आणि पेढीच्या जुन्या नोंदवह्या टिकून असतील, तर बंदूक कोणत्या वर्षी बनली हेही कळू शकते.

नळीचा पोत आणि धोका

काही नळ्यांवर सापाच्या कातडीसारखी नक्षी दिसते. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेल्या या ‘दमास्कस’ नळ्या होत. जुन्या तलवारींच्या जौहरदार पोलादाशी त्यांचा संबंध जोडून भाव वाढवला जातो. परंतु दोन्हींची घडण वेगळी आहे. यांतील बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या बेताने घडवल्या गेल्या. आजच्या धूररहित दारूचे काडतूस त्यांत उडवल्यास नळी फाटून हात जाण्याचा धोका असतो. पोलादी नळीवर ‘नायट्रो प्रूफ’ शिक्का असला तरीही काडतुसाचे घर मोजावे. अनेक जुन्या बंदुकांत ते अडीच इंचांचे असते, तर आजची सर्वसाधारण काडतुसे पावणेतीन इंचांची. लांब काडतूस आत बसते. पण उडताना त्याचे तोंड उलगडण्यास जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

मोल कशाचे?

नामवंत पेढी, मूळ नक्षीकाम, न बदललेला दस्ता, जुळणारे क्रमांक, मूळ पेटी आणि आतून स्वच्छ नळ्या यांनी किंमत वाढते. गंजाचे खड्डे, पातळ झालेल्या नळ्या आणि गावठी डागडुजी यांनी ती उतरते. सर्वांत मोठे नुकसान घरचेच लोक करतात : पॉलिश कागदाने घासून बंदूक चकचकीत केली, की शिक्के व जुना रंग दोन्ही जातात. जाणकार पाहीपर्यंत कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपावी, एवढेच.

लंडनच्या लिलावातील आकडे पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. देशातही ग्राहक परवानाधारकच हवा. त्यामुळे गिऱ्हाइके मोजकी राहतात. दुसरीकडे, १९८० च्या दशकापासून परदेशी बंदुकांची सर्वसामान्य खासगी आयात बंद असल्याने सुस्थितीतील, कागदोपत्री चोख विलायती दुनळीला येथे मागणी असते. म्हणूनच एकाच पेढीच्या दोन सारख्या बंदुकांपैकी परवान्याची साखळी अखंड असलेलीला भाव येतो आणि दुसरी ठाण्याच्या मालखान्यात पडून राहते.

विकायचे की ठेवायचे, हा निर्णय घरच्यांनी त्यानंतर घ्यावा. तोवर बंदूक कोणी, कुठून आणि केव्हा आणली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. शिक्के लोखंडावर टिकतात. ही माहिती मात्र सांगणाऱ्याबरोबरच जाते.