थंडीत वटवाघळे काय करतात?

पौष महिन्यात नांदेड-लातूरकडे थंडी पडते. पहाटे शेकोट्या पेटतात. माणसे घोंगडी पांघरून जागलीला जातात. पण दिवस वर आला की ऊन लागतेच. रात्री थोडेफार किडे-पतंगही उडतात. म्हणून आपल्याकडच्या वटवाघळांची हिवाळ्यातही पोटापुरती सोय होते.

पण उत्तरेकडच्या थंड देशांत काय होत असेल? कॅनडा, रशिया अशा देशांत कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. एक किडा उडत नाही. मग किडे खाऊन जगणारे वटवाघूळ तिथे काय खाते?

काहीच खात नाही! काही वटवाघळे थंडीआधी उबदार मुलखात उडून जातात. बाकीची गुहेत किंवा जुन्या खाणीत शिरतात आणि हिवाळाभर झोपतात.

ही झोप आपल्या झोपेसारखी नाही. आपले अंग रात्रंदिवस गरम असते. अंग गरम ठेवायचे म्हणजे अन्न लागते. चुलीला सरपण लागते, तसेच हे. वटवाघूळ काय करते? चुलीचा जाळच कमी करते. त्याचे अंग गार पडत पडत जवळजवळ गुहेइतके गार होते. उडताना त्याचे काळीज मिनिटाला शेकडो वेळा धडधडते. या झोपेत ते दहा-वीस वेळाच धडधडते. श्वासही फार वेळाने घेते. लटकून राहायला कष्ट पडत नाहीत, कारण पायांची नखे आपोआप अडकून बसतात.

तरी थोडे सरपण लागतेच. ते कुठले? आपण सुगीत कणगी भरून ठेवतो ना? तसे हे वटवाघूळ थंडीआधी भरपूर किडे खाऊन अंगावर चरबी चढवते. जीव जेमतेम तोळाभर वजनाचा! त्याची कणगी ती केवढी? तेवढ्यावर सारा हिवाळा काढायचा. अंथरूण पाहून पाय पसरणे म्हणतात ते हेच.

मधूनमधून ते जागे होते, कधी पाणी पिते. पण गार पडलेले अंग पुन्हा तापवायला फार चरबी जळते. एका जागे होण्यात जेवढी चरबी जाते, तेवढीत झोपेचे कित्येक आठवडे निघाले असते. म्हणून कोणी गुहेत दिवे नेले, गलका केला, तर कणगी लवकर रिकामी होते आणि वटवाघूळ उपाशी मरते.

असा घात एका बुरशीनेही केला. 2006 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत झोपलेल्या वटवाघळांच्या नाकांवर पांढरी बुरशी दिसली. बुरशीच्या त्रासाने ती वरचेवर जागी होत. चरबी संपे आणि जीव जाई. पुढे हा रोग पसरला. लाखो वटवाघळे मेली.

आपल्या देशातही कोरड्या मुलखात उंदरासारख्या लांब शेपटीचे एक वटवाघूळ असते. तेही थंडीआधी अंगावर चरबी साठवते.

आता आपल्या गावाकडे पाहू. आपल्या भागात कंधार, औसा, उदगीर असे जुने किल्ले आहेत. पडके वाडे तर गावोगाव असतात. अशा अंधाऱ्या जागी वटवाघळे राहतात. काही लोक त्यांना अशुभ मानतात आणि धूर करून हाकलतात. हे बरे नव्हे. हरभरा, तूर, कापूस यांवर पडणारी अळी रात्री उडणाऱ्या पतंगाच्या अंड्यातून निघते. लहान वटवाघळे असे पतंग खातात. म्हणजे ती आपल्या शेताची बिनपगारी राखण करतात. शिवाय बहुतेक वटवाघळांची मादी एका वेळी एकच पिल्लू देते. एकदा मोडलेली वस्ती लवकर भरत नाही.

मात्र वटवाघळाला उघड्या हाताने धरू नये. चावले तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे.

त्याला पाळायला नको, खाऊ घालायला नको. त्याची झोप मोडली नाही, एवढे पुरे.